हाताला न लागलेलं ऊन

मित्रांनो, मला आता कोणी लावत नाही. तळघराच्या दाराशी एक खिळा आहे. त्याला माझी पत्र्याची टोपी अडकवली आहे आणि माझी वायर माझ्याच गळ्याभोवती गुंडाळली आहे. मी एक जुना सोडियमचा दिवा आहे. काच शाबूत आहे, स्मरण शाबूत आहे, फक्त घरातल्या माणसांशी बोलायची सोय नाही. याच एका गोष्टीने गेले काही महिने माझा जीव खाल्ला आहे. म्हणून तुम्हाला सांगतो. निदान तुम्ही तरी ऐका.

माझी सख्खी भावंडं रस्त्यावर उभी आहेत. हसू नका, खरंच सांगतो. हमरस्त्याच्या खांबांवर जे पिवळे दिवे लागतात, ते आमच्याच घराण्यातले. कारखान्यातून निघाल्यावर कोणी खांबावर गेलं, कोणी गोदामात गेलं, आणि मी खोक्यात बसून कॅनडाच्या डोंगरात, कॅसलगार गावच्या एका दुकानात येऊन पडलो. तिथे घरात झाडं वाढवायचं सामान मिळायचं. शेजारच्या फळीवरच्या पंख्याने मला पहिल्याच दिवशी विचारलं, "काय रे, टोमॅटोसाठी जाणार की त्या दुसऱ्यासाठी?" मला काही कळलं नाही. नंतर कळलं. त्या खोऱ्यात टोमॅटोसाठी एवढा मोठा दिवा कोणी घेत नाही.

मला घेतलं वॉल्टर कोंकिनने. साठी उलटलेला, लाकडाच्या गिरणीत जन्म घालवलेला माणूस. हात असे रुंद की माझी टोपी त्याने ताटलीसारखी एका हातात उचलली. वॉल्टर दुखोबोर होता. रशियातून त्या खोऱ्यात येऊन राहिलेली ही माणसं. मांस नाही, दारू नाही, तंबाखू नाही, हातात बंदूक नाही. दुकानदार त्याला लहानपणापासून ओळखत होता. तो गल्ल्यावर कोपर टेकून म्हणाला, "वॉल्टर, तू? आणि गांजा? रविवारी प्रार्थनाघरात बायका तुझी सालं काढतील."

"काढू देत. मी ओढणार नाही, विकणार नाही. परवान्याचा कागद आहे माझ्याकडे. नातीसाठी पाहिजे."

दुकानदाराचं हसू तिथंच विरलं. त्याने मला नीट कागदात गुंडाळून दिलं.

वॉल्टरच्या तळघरात बटाट्यांची पोती होती, बीटाच्या लोणच्याच्या बरण्या होत्या, आणि छताला शेपूच्या जुड्या वाळत टांगलेल्या होत्या. तो मला साखळीला बांधत होता, तेवढ्यात वरून आवाज आला. छत म्हणजे वरच्या स्वयंपाकघराची लाकडी जमीन. त्या जमिनीवर कोणाच्या तरी टाचा वाजत होत्या. रुसलेलं पोर पाय आपटतं तसं ते नव्हतं. ते एकसारखं होतं, ताल धरून होतं, आणि थांबत नव्हतं. वॉल्टरच्या हातातली साखळी तशीच राहिली. वरून त्याच्या लेकीचा, टीनाचा आवाज आला, "ल्यूबा, मी इथंच आहे गं राणी. मी इथंच आहे." मग टाचा थांबल्या. वॉल्टरने डोळे पुसले, मला छताला चढवलं आणि म्हणाला, "आता लाग रे बाबा."

ल्यूबा त्याची नात, तेव्हा पाच वर्षांची. तिला फिटा यायच्या. दवाखान्याच्या औषधांनी निम्मं काम व्हायचं. उरलेल्या निम्म्यासाठी डॉक्टरीणबाईंनी या झाडाच्या एका जातीचं तेल करून बघायला सांगितलं होतं. दर खेपेचं तेल आधी प्रयोगशाळेत तपासायचं आणि मग बाई सांगतील तेवढेच थेंब द्यायचे. बाजारातल्या बाटल्या त्यांनी आधी देऊन पाहिल्या होत्या, त्यांचा गुण आला नव्हता. मित्रांनो, हे डॉक्टरांचं काम आहे, तेव्हा तुम्ही मध्येच शहाणपणा करू नका.

झाडं आणून दिली गार्थने. गार्थ वरच्या उतारावरचा शेजारी. पांढऱ्या केसांची शेपटी, फाटका स्वेटर, आणि या झाडांत हयात गेलेली. ओल्या वर्तमानपत्रात त्याने दोन फांद्या गुंडाळून आणल्या होत्या.

"ही बघ," तो म्हणाला. "ही उन्हातल्या मुलखातली. हावरट आहे. जेवढा उजेड देशील तेवढा गिळेल आणि वर आणखी मागेल. तुझ्या गुडघ्याच्या मलमाला हिचा उपयोग. आणि ही दुसरी तुझ्या नातीची. ही डोंगराच्या सावलीतली आहे. हिला सांभाळ बाबा. हिला भडक उजेड सोसत नाही, आणि झालं काय हे सांगतही नाही."

वॉल्टरने पहिलीचं नाव ठेवलं जनरल आणि दुसरीचं मोलचुन्या. त्यांच्या रशियन बोलीत मोलचुन्या म्हणजे घुमी बाई, तोंडातून शब्द न काढणारी. नाव अगदी चपखल होतं. पुढे तेच आमच्या मुळावर आलं.

पहिल्या खेपेला वॉल्टरने दोघींना माझ्या बरोब्बर खाली, शेजारी शेजारी ठेवलं. कसलाही भेदभाव नाही! माणसांत हे शोभतं. झाडांत नाही. जनरल तरारली. मोलचुन्याची पानं मात्र कडेने वर वळली, कोणी ओंजळ पुढे करावी तशी. मग कडा करपल्या. गार्थ आला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे वॉल्टर, सुनेला आणि सासूला एकाच वाटीने मीठ घालतोस होय? ती कोपऱ्यात सरकव. आणि दिवा किती वर ठेवायचा ते हाताला विचार. पानांच्या शेंड्यावर हात उपडा धर. चटका बसला तर झाडालाही बसतोय."

हाताला विचार म्हटल्यावर वॉल्टरचा चेहरा उजळला. ही विद्या त्याच्या घरातलीच होती. त्याची आई मातीच्या भट्टीत पाव भाजायची. भट्टी तापली का हे बघायला ती आत हात धरायची आणि स्तोत्राचं एक कडवं म्हणायची. कडवं संपण्याआधी हात मागे आला तर भट्टी जास्त तापली, आणि दुसरं कडवं निवांत म्हणता आलं तर अजून लाकूड घाल. वॉल्टरही पाव तसाच भाजायचा. आता त्याने तीच परीक्षा मला लावली. जनरलच्या शेंड्यावर एक कडवं कसंबसं पुरं व्हायला हवं. मोलचुन्याच्या शेंड्यावर दोन कडवी आरामात म्हणता यायला हवीत. मला साखळीने वर घे, खाली घे, तिची कुंडी आणखी सरकव, असं करत करत त्याने दोघींच्या जागा पक्क्या केल्या. त्याचा तो खर्जातला आवाज आणि मला वीज पुरवणाऱ्या लोखंडी पेटीची गुणगुण, दोन्ही एका सुरात लागायची. मला सांगायला लाज नाही, मी तेव्हा स्वतःला मोठा गवई समजत होतो.

मोलचुन्या कोपऱ्यात सुखावली. तिची फुलं धरली, तेल झालं, तपासून आलं, थेंब सुरू झाले. वरच्या टाचा आधी रोज वाजायच्या, मग आठवड्याने, मग महिन्याने. एका हिवाळ्यात मी वाट बघत राहिलो आणि त्या वाजल्याच नाहीत.

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. वर बोर्श्टचं, म्हणजे त्यांच्या कोबी-बटाट्याच्या रश्शाचं, मोठं पातेलं चढायचं, लोणी आणि शेपूचा वास खाली यायचा. ल्यूबाला तळघरात पाऊल टाकायची मनाई होती, म्हणून ती जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसायची. आजोबांचं कडवं सुरू झालं की ती वरून दुसरा आवाज लावायची. मला ती सूर्यमामा म्हणायची. "देदा, सूर्यमामाला खोकला झालाय का? आज जास्त गुणगुणतोय." आणि देदा, म्हणजे तिचा आजोबा, म्हणायचा, "म्हातारा झालाय तो. माझ्यासारखा." प्रार्थनाघरातल्या बायकांनी सालं काढली ती काढलीच, पण ल्यूबा पहिल्यांदा सगळ्यांबरोबर उभी राहून पूर्ण स्तोत्र गायली, त्या दिवशी त्यातल्याच एकीने डोक्याच्या रुमालाने डोळे टिपले आणि वॉल्टरला घरचा पाव पाठवला. हे मी टीनाच्या तोंडून ऐकलं.

मग तो उन्हाळा आला. खोऱ्यात धूर उतरला आणि उतरलेलाच राहिला. जिन्याच्या दारातून दुपारी जो उजेड यायचा तो माझ्यासारखा पिवळा दिसायला लागला. वरचं जंगल पेटलं होतं. गार्थ एका दुपारी आला तेव्हा त्याच्याकडे फक्त त्याचं कुत्रं आणि गाडीची किल्ली होती.

"सगळं गेलं?" वॉल्टरने विचारलं.

"सगळं. शेड, झाडं, सगळं. तुझ्या नातीच्या त्या जातीचं झाड आता तुझ्याच कोपऱ्यात आहे, वॉल्टर. दुसरीकडे कुठंच नाही." तो पोत्यावर बसला. "तिचं बी पेरून ती मिळत नाही, माहीत आहे ना? तिचीच फांदी तोडून लावत गेलास तरच ती. एक खेप चुकली की संपलं."

वॉल्टर म्हणाला, "माझा हात आहे ना. तो चुकत नाही." मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. गार्थ समुद्रकाठी बहिणीकडे निघून गेला.

आग आमच्या घरापर्यंत आली नाही, पण टीनाच्या मनात शिरली. एके दिवशी ती बीट न्यायला खाली आली आणि तिने नाक वर केलं. माझा प्लग करपत होता. खरं तर तो बरेच दिवस करपत होता. तिने तो उपसला तर आतून तपकिरी झालेला.

"पापा! माझी लेक वर झोपते आणि खाली हे?"

"अगं, प्लग बदलतो."

"प्लग नाही, दिवा बदलायचा. सगळं खोरं जळालं तरी तुम्हाला अक्कल येत नाही का?"

तिचं खरं होतं. मी कबूल करतो. माझी वायर जुनी झाली होती, आणि मी आग लावली असती तर ही गोष्ट सांगायला कोणी उरलं नसतं. वॉल्टरने मला उतरवलं, फडक्याने पुसलं आणि दाराशी या खिळ्याला टांगलं. "आता आराम कर," म्हणाला. माझ्या जागी आला एलईडीचा दिवा. परातीसारखा चपटा, पांढराशुभ्र, ना गुणगुण ना वास. मी त्याच्याशी बोलायचा प्रयत्न केला. शेजारधर्म म्हणून कुठून आलास, काय खातोस, असं विचारलं. तो नुसता जळत राहिला. जळत म्हणायचं, पण ऊब म्हणाल तर नावाला नाही.

मित्रांनो, आता नीट ऐका, कारण सगळं इथंच बिघडलं. मी जेवढी वीज खायचो त्यातली कितीतरी नुसत्या उष्णतेत वाया घालवायचो. तो माझा गुण नव्हता, खोड होती. वॉल्टरचा हात माझ्याखाली भाजायचा तो उजेडाने नाही, माझ्या त्या खोडीने. उजेड आणि ऊब माझ्यात बरोबर चालायची, म्हणून हाताला विचारलं की उत्तर बरोबर यायचं. या नव्या दिव्यात उजेड माझ्यापेक्षा जास्त होता आणि ऊब जवळजवळ नव्हतीच. हाताला विचारून उपयोग नव्हता. हे मला पहिल्याच दिवशी कळलं, आणि सांगणार कसं?

वॉल्टरने मोलचुन्याच्या शेंड्यावर हात धरला. एक कडवं म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसरं, चौथं. अख्खं स्तोत्र संपलं तरी हात गारच. ल्यूबा वरच्या पायरीवरून साथ देत होती, तिलाही धाप लागली.

"देदा, आज संपतच नाही की."

"दिवा दुबळा आहे गं. सूर्यमामाची सर नाही याला."

माझी छाती फुगली. हो, फुगली! एवढी बिकट वेळ आणि मला कौतुकाचं सुख. त्याने नव्या दिव्याची साखळी सोडली, दिवा खाली घेतला. पुन्हा हात. पुन्हा गार. आणखी खाली. मग खात्री करायला त्याने गार्थला फोन लावला, आवाज मोठा ठेवून, कारण त्याला कमी ऐकू यायचं.

"हात धरून बघितलास?" गार्थने विचारलं.

"बघितला. काही लागतच नाही."

"मग आण की खाली. भितोस कशाला?"

या झाडांत हयात घातलेल्या माणसाने असं सांगितल्यावर कोणाचं काय चालणार? गार्थचं सगळं आयुष्य माझ्यासारख्यांच्या उजेडात गेलं होतं. त्याला दुसरं मापच माहीत नव्हतं.

जनरलने तर कहर केला. तिला तो भडक उजेड म्हणजे मेजवानीच. ती आणखी वीतभर उंच झाली, पानं काळीशार हिरवी. वॉल्टर तिच्याकडे बघून म्हणायचा, "बघा, झाड कसं खुशीत आहे! दिवा जास्त असता तर ही करपली नसती का?" अरे भल्या माणसा, एकीला मानवलं म्हणून दुसरीला मानवेल, ही पहिल्याच वर्षाची चूक. तेव्हा तू ती सुधारली होतीस. आता परत तिथंच? मी खिळ्यावरून ओरडत होतो. खिळ्याला टांगलेल्या पत्र्याचं कोण ऐकतं?

दर खेपेला मोलचुन्या फुलावर येण्याआधी वॉल्टर तिच्या फांद्या तोडून पेल्यात लावायचा. त्यांतूनच पुढची मोलचुन्या उभी राहायची. या खेपेच्या फांद्या त्या उजेडात दोन दिवसांत माना टाकून मेल्या. "हवा कोरडी आहे," वॉल्टर म्हणाला. "पुन्हा तोडू." मग तिची पानं वळली. तीच ओंजळ. मी ओळखली. त्याला वाटलं ती खतासाठी हात पसरते आहे, म्हणून त्याने खत वाढवलं. मग तिच्या फुलांचे शेंडे पांढरे व्हायला लागले.

वॉल्टरच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. आणि गार्थने त्याला कधीकाळी सांगून ठेवलं होतं की उत्तम फुलावर दंवासारखी पांढरी भुकटी धरते. वॉल्टरने ते पांढरे शेंडे बघितले आणि तो चक्क हसला. "दंव पडलंय," तो मला म्हणाला. जुन्या सवयीने तो अजून माझ्याशी बोलायचा. "इतकं कधी पडलं नव्हतं रे. पोरीच्या वर्षभराची सोय झाली."

तिची एक फुललेली फांदी तोडून त्याने तेल केलं, ते तपासायला गेलं. बरणीतलं जुनं तेल तळाशी आलं होतं. मग डॉक्टरीणबाईंचा फोन आला. टीना जिन्याच्या दारात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवून ती तिथूनच खाली वाकली.

"पापा, बाई म्हणतात, या तेलात काही दमच नाही."

"चूक असेल त्यांची. फूल मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी वर बोर्श्ट वाढलेलं होतं. चमच्यांचे आवाज येत होते. ल्यूबा काहीतरी सांगत होती, शाळेतलं, कोणीतरी बेंचवरून पडलं त्याचं. मध्येच तिचा शब्द तुटला. चमचा जमिनीवर पडला. खुर्ची सरकली. आणि मग, मित्रांनो, माझ्या डोक्यावरच्या त्या लाकडावर टाचा वाजायला लागल्या.

मी तो आवाज विसरलो होतो असं मला वाटलं होतं. तो तसाच होता, पण जड झाला होता. ती आता पाच वर्षांची नव्हती, अकरा वर्षांची होती. फळीवरच्या बरण्या किणकिणल्या. "ल्यूबा, मी इथंच आहे गं," टीना म्हणत होती. वॉल्टर खाली होता, हातात पाण्याची झारी घेऊन. त्याने वर बघितलं आणि तो जिना धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी टीना तळघरात आली. एरवी तिला इथला वास सोसायचा नाही, पण त्या दिवशी ती सरळ झाडांपाशी गेली, आणि लगेच डोळ्यांवर हात घेऊन मागे सरकली.

"अगं आई गं! पापा, हे काय? डोळे फुटतील माझे!"

"काही नाही, गार आहे तो. हात धरून बघ."

"हात कशाला धरू? हाताला दिसतं का?"

वॉल्टरने स्वतःच दिव्याखाली हात धरून दाखवला.

टीनाने डोळे किलकिले करून मोलचुन्याचा पांढरा शेंडा दोन बोटांत धरला आणि चोळला. मग तीच बोटं तिने बापाच्या नाकाशी नेली. त्यांना कसलाही वास नव्हता. "हे दंव नाही, पापा. हे मेलंय. उजेडाने मेलंय. उन्हात ठेवलेल्या कापडाचा रंग उडतो तसा हिचा रंग उडालाय."

वॉल्टर उपड्या बादलीवर बसला. त्याने आपला उजवा हात उलटसुलट करून बघितला, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. तुम्ही म्हणता ना, हात दाखवून अवलक्षण. मला माझ्या सगळ्या आयुष्यात कोणाची इतकी कीव आली नव्हती. त्या हातानेच सहा वर्षं मोलचुन्याला जगवलं होतं.

त्याने गार्थला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग गार्थ म्हणाला, "मीच सांगितलं ना तुला, खाली आण म्हणून." मग म्हणाला, "एखादी फांदी हिरवी आहे का बघ. अगदी खालची. फुलावर आलेल्या झाडाची फांदी मूळ उशिरा धरते, वॉल्टर. धरली तर."

हिरवी फांदी होती. एकच. मोलचुन्याच्या बुंध्याशी, जनरलचं एक मोठं पान तिच्यावर आडवं आलं होतं, त्याच्या सावलीत. टीनाने ती तोडली, कारण वॉल्टरला नीट दिसत नव्हतं. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी घालून तिने ती दाराजवळच्या फळीवर, माझ्या खिळ्याच्या खाली आणून ठेवली, उजेडापासून लांब. तरी वॉल्टरला धीर धरवेना. तो बादली घेऊन तिथं येऊन बसला आणि त्याने फांदीवर हात धरला. कडवं म्हणायला नाही, सावली करायला. हात भरून आला की दुसरा धरायचा. शेवटी टीनाने तिच्या आईचा प्रार्थनेचा रुमाल आणला, कडेला लाल फुलं विणलेला, आणि बरणीसमोर टांगला.

"आता उठा, पापा. तुम्हीच पडलात तर तिच्याकडे कोण बघणार?"

ल्यूबा वरच्या पायरीवर येऊन बसली होती. ती गात नव्हती. तिने विचारलं, "देदा, माझ्या आजारामुळे ती वाळली का?"

"नाही गं माझे आई. तुझ्यामुळे नाही. माझ्या हातामुळे."

"सूर्यमामा असता तर?"

वॉल्टरने माझ्याकडे बघितलं. "तो होता म्हणूनच तर हाताला ही सवय लागली," तो म्हणाला. रागावून नाही बोलला, पण मला ते लागायचं तिथं लागलं.

मित्रांनो, माझी हकीकत एवढीच. शहाणपणा शिकवायची माझी पात्रता नाही. मी एक करपलेला प्लग घेऊन खिळ्याला टांगलेला दिवा. तरी एक मागणं आहे. तुमच्या घरात कोणी घुमं असेल, झाड असो, जनावर असो, भावंड असो, तर त्याची काळजी जुन्या सवयीने करू नका. दुसऱ्याला मानवतं म्हणून त्याला देऊ नका. त्याच्याकडे रोज बघा. डोळे उघडून बघा. ते तोंडाने सांगणार नाही, अंगाने सांगेल, आणि तेवढंच सांगेल.

टीनाने नवा दिवा उंच नेला आणि बारीक केला आहे. त्याच्याखाली जनरल एकटीच उभी आहे. मोलचुन्याची कुंडी रिकामी आहे. रुमालाआडच्या फांदीची दोन पानं गळली, तिसरं पिवळं पडतंय. वॉल्टर सकाळ-संध्याकाळ येतो, बरणी उजेडाकडे धरतो, डोळे बारीक करतो आणि पुन्हा ठेवतो. आज सकाळीही त्याला काही दिसलं नाही.

पण मी खिळ्यावरून सरळ बरणीत बघतो. आज दुपारी फांदीच्या टोकाला, पाण्याच्या आत, केसाएवढं काहीतरी पांढरं बाहेर आलं आहे. हे पांढरं मेलेलं नाही. हे मूळ आहे.

तळघरात कोणी नाही. वर पुन्हा टाचा वाजायला लागल्या आहेत, बरणीतलं पाणी हलतंय, आणि मला कोणाला हाक मारता येत नाही.